निकाल घाला, पण अख्खा घाला

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या मराठी पत्रकारांची चरित्रं ऑनलाइन टाकायचं काम आमचा फोंड्यातला वाचनालयाचा ग्रुप करतोय आणि सध्या एकाच गोष्टीवरून जोरदार वाद चाललाय, पत्रकारावरच्या अब्रुनुकसानीच्या केसचा निकाल चरित्रात घालायचा की नाही. काहीजण म्हणतात माणूस आयुष्यभर राबला, हे कशाला उकरायचं, तर काहीजण म्हणतात पहिल्याच ओळीत टाका.

मी म्हणतो घालाच, पण अख्खा घाला. कुठलं कोर्ट, कुठलं साल, बातमी नेमकी कसली होती, अपिलात काय झालं, आणि मुख्य म्हणजे केस दिवाणी की फौजदारी. दिवाणी दाव्यात लिहिलेलं खरं ठरलं की सहसा विषय संपतो, फौजदारीत मात्र नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहिताचं होतं हेपण दाखवावं लागतं. आयपीसी म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आलं तरी दोन वर्षांपर्यंतची कैद तशीच राहिलीय. मग नुसतं ‘दोषी’ लिहून वाचणाऱ्याला काय कळणार?

आमच्यातल्या एकाने ईकोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर, केस शोधली, स्टेटस दिसलं ‘डिस्पोज्ड’, म्हणजे केस निकाली निघाली एवढंच, आणि त्याने सरळ ‘शिक्षा झाली’ असं मसुद्यात लिहून टाकलं. ऑर्डरची पीडीएफ उघडली तर दोघांत तडजोड होऊन तक्रार मागे घेतलेली! ही ओळ तशीच ऑनलाइन गेली असती तर अब्रुनुकसानी आम्हीच केली असती.

निकाल वगळूनच टाका म्हणणाऱ्यांनी पत्रकार प्रिया रमानींची केस आठवावी. रमानींनी लैंगिक छळाचा आरोप केला म्हणून माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी २०१८ मध्ये त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फौजदारी केस घातली, १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या कोर्टाने रमानींना निर्दोष सोडलं, आणि बाईला कित्येक वर्षांनीसुद्धा आपली तक्रार मांडायचा हक्क आहे असं त्या निकालात आहे. हे त्यांच्या चरित्रातून काढायचं? आणि ज्याच्याबद्दल खरोखरच खोटं छापलं, कोर्टाने तसं म्हटलं, त्या माणसाचं काय, त्याने कुठे दाद मागायची?

नुसती नोटीस आली किंवा केस दाखल झाली एवढंच असेल तर मात्र नको. पैसेवाल्याला केस घालायला काय लागतं, खाणींवर ब्लॉग लिहिणाऱ्या एका गोंयकारावर खाण कंपनीने थेट कोलकात्याच्या हायकोर्टात ५०० कोटींचा दावा लावला होता, अशा वेळी गोव्यातल्या माणसाने तारखेला तिथपर्यंत जायचं कसं?

आता तुम्हाला एक विनंती. आमचा आधार तुमचेच जुने अंक, पण त्यात केस दाखल झाल्याची बातमी ठळक मिळते आणि निकालाची शोधून सापडत नाही. निदान वेबसाइटवर तरी जुन्या बातमीखाली पुढे काय झालं ते दोन ओळीत जोडत जा.

आपला,
एक वाचक, फोंडा