मामांना पत्र: ब्रेकचं काम घरीच केलं

शेफिल्ड,
रविवार रात्र

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं गॅरेजं न्हाईत काय रं?" आणि मी हसण्यावारी नेलं. गॅरेजं आहेत. एक तर घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. चारी चाकांच्या डिस्क आणि पॅड बदलायचे त्यांनी ४२० पौंड सांगितले. (मामी, डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी, आणि पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटून थांबवतात.) तेच सामान मी ऑनलाइन मागवलं, ते १५५ पौंडांत घरी आलं. राहिली ती मजुरी. तेवढ्या मजुरीत तुम्ही इंजिन उतरवून परत चढवाल आणि वर गिऱ्हाइकाला चहा पाजाल.

गाडीचा फोटो मामीने पाहिलाय, "अर्धी गाडी" म्हणाली ती हीच. २००२ची माझदा एमएक्स-५. दोन सीट, कापडी छत, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, आपल्या अँबॅसिडरसारखी. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिली दाखवली आणि २०१६ साली दहा लाखावी बाहेर पडली. दोन सीटच्या स्पोर्ट्स गाड्यांत एवढा खप दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नाही. त्यामुळे सामान कुठेही मिळतं आणि आपल्यासारख्या हौशी माणसाला परवडतं.

इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासून घ्यावी लागते, तिला एमओटी म्हणतात. माझी पास झाली, पण खाली शेरा होता: पुढच्या डिस्क झिजल्यात, खड्डे पडलेत, मात्र फार कमजोर झालेल्या नाहीत. म्हणजे वरच्या वर्गात ढकललं, पण पालकांना भेटायला बोलावलंय. पॅड दीड मिमीच्या खाली गेला तर सरळ नापास करतात. माझे तीन मिमी उरले होते. डिस्क मोजताना मात्र मी फसलो. कडेला न झिजलेला काठ उभा राहतो ना, जाडी मोजायचा व्हर्नियर त्याच्यावरच बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. मग दोन्ही बाजूंनी एकेक पेनी लावली, नाण्यांची जाडी वजा केली, तर १८ मिमीला टेकलेली. नवीन असते २० आणि १८च्या खाली चालवायची नाही.

गंमत म्हणजे ही गाडी पळून कमी आणि बसून जास्त खराब झाली. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून इथे रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मी गाडी काढणार शनिवार-रविवारी. मधले पाच दिवस डिस्क गंज खात बसतात. इथून ग्लॉसॉपकडे स्नेक पास नावाचा रस्ता जातो, ५१२ मीटरवर चढून पलीकडे उतरतो. कुंभार्लीसारखी दरी नाही, पण वळणं अशी की मला दर वेळी तुमची जीप आठवते. "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर" हे तिथे मी पाळतो, तरीही गेले दोन महिने ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं.

काल सकाळी आठला सुरुवात केली. जॅकवर भरवसा न ठेवता स्टँड लावले, काढलेलं चाक तुमच्या नियमाप्रमाणे गाडीखाली सरकवलं. पुढचा कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा चिमटा, दहा मिनिटांत सुटला. तो ब्रेक ऑइलच्या होसवर लोंबकळू नये म्हणून बांधायला काहीतरी हवं होतं, तर मामीच्या फराळाच्या पार्सलची सुतळी कामाला आली. (मामी, चिवडा कधीच संपला.)

डिस्क मात्र हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्याला, अशी चिकटलेली की देवळाची पायरी बरी. गंज सोडवायचं तेल मारलं, थांबलो, हातोडा मारला, फिरवून परत मारला. तासभर हेच. शेवटी आवाज ऐकून शेजारचे आजोबा आले. हे सगळं गाव पोलादाचं, त्यांचीही सगळी नोकरी त्यातच झाली. त्यांनी माझ्या हातोडीकडे बघितलं, काही न बोलता घरात गेले आणि केवढातरी घण घेऊन आले. दोन घावांत डिस्क सुटून फरशीवर पडली. माझा अंगठा अर्ध्या इंचानं वाचला. मग हब तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासला. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर नवी डिस्क तिरकी बसते आणि स्टिअरिंगचं थरथरणं परत मागे लागतं. नव्या डिस्कवर तेलाचा हात असतो, तोही स्प्रेनं पुसून काढला.

मागचं काम तुम्हाला आवडलं असतं. पॅडला डिस्कवर दाबणारा पुढचा पिस्टन सी-क्लँपनं दाबला की आत जातो, मागचा जात नाही. हँडब्रेकची सगळी यंत्रणा त्याच्याच आत आहे. दाबायला गेलात तर मोडणार. कॅलिपरच्या पाठीला १४च्या पान्याचा एक बोल्ट आहे. तो नुसतं झाकण. तो काढला की आत, अंधारात, चार मिमीच्या अॅलन कीचं भोक. दिसत नाही, बोटांनीच शोधायचं. की उलटी फिरवली की पिस्टन हळूहळू आत सरकतो. नवे पॅड बसवून सुलटी फिरवायची, डिस्क हातानं हलेनाशी होईपर्यंत, आणि मग एक तृतीयांश फेरा सोडायचा. डावीकडे मी हे तीन वेळा केलं, कारण एक तृतीयांश की पाव, याचा मनात गोंधळ. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळं होईपर्यंत अंधार पडला. चाकं बसवली, टॉर्कच्या पान्यानं नट आवळले, हत्यारं गोळा केली. माझ्या घरापुढे उतार आहे, थेट रस्त्याकडे. गाडीत बसलो, स्टार्ट केली, हँडब्रेक सोडला. गाडी मागे सरकली. ब्रेक दाबला, पेडल सरळ फरशीला. काहीच नाही. मामा, पोटात गोळा येणं म्हणजे काय ते काल कळलं. हात आपोआप हँडब्रेकवर गेला, ओढला, आणि गाडी थांबली. मागचा कचऱ्याचा डबा आडवा झाला, एवढ्यावर निभावलं. तो एक तृतीयांश फेरा चुकला असता तर हँडब्रेकनंही धरलं नसतं.

पुढचे पिस्टन आत ढकलले होते, म्हणजे तिथले पॅड डिस्कपासून लांब. पेडल चार-पाच वेळा मारून ते जवळ आणायचे असतात. मला माहीत होतं, पुस्तकातही वाचलं होतं, तरी विसरलो. तुम्ही ब्रेकचं काम झालं की गाडीत बसून आधी स्टिअरिंगला हात लावून पाया पडायचात आणि मग धपाधपा पेडल मारायचात. मला लहानपणी वाटायचं, दोन्ही एकाच पूजेतलं आहे.

मग मीही मारलं. पाचव्याला पेडल दगडासारखं झालं. ब्रेक ऑइलची पातळी बघितली, ठीक होती. आज सकाळी रिकाम्या रस्त्यावर नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसवून घेतले: ताशी पन्नासवरून हळू करायची, पूर्ण थांबवायची नाही, परत वेग घ्यायचा, असं दहा वेळा. जळका वास आला, पण तो येतोच. स्टिअरिंग आता गप्प आहे. एक जुनी डिस्क धुऊन खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीखाली ठेवलीये, छान बसली.

आता कामाचं. रिव्हर्स घेताना मागच्या डाव्या चाकातून बारीक चिरचिर येते. पुढे जाताना अजिबात नाही. पॅडच्या पाठीला आणि कानांना ग्रीस लावलंय, तोंडाला लागलेलं नाही, बघून घेतलं. पॅड अजून बसायचाय म्हणून असेल, की तो फेरा परत बघू? बुधवारी तुमचं गॅरेज बंद व्हायच्या वेळी फोन करतो. गाडी मागेपुढे करून ऐकवतो, तुम्ही कंप्रेसर तेवढा बंद ठेवा.

मामीला नमस्कार. उतारावरचं आईला कळू देऊ नका.

तुमचा,
बाळ्या