व्याख्यान मोफत असावे, मोघम नसावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक वारसा दिन १८ एप्रिलला, संग्रहालय दिन १८ मे रोजी आणि वारसा सप्ताह १९ ते २५ नोव्हेंबर. स्थानिक इतिहासावरची मोफत व्याख्याने अनेक संग्रहालयांत याच तारखांना उरकली जातात. त्यातल्या दोन तारखा ऐन उन्हाळ्यातल्या, एक तर शाळांच्या सुट्टीतली. कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात वर्षभर दर महिन्याला एक मोफत व्याख्यान व्हावे आणि ते वस्तूसमोर व्हावे, अशी आमची सूचना आहे. नुसत्या सभागृहातल्या व्याख्यानांचा महाराष्ट्रात तुटवडा नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे. संग्रहालयाजवळ खुद्द वस्तू असते. तिच्याकडे पाठ करून भाषण ऐकायचे असेल, तर तिथवर जायचे कशाला?

या संग्रहालयाची सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती. तिची उंची वीतभरही नाही. शंभर माणसे बोलावली तर मागच्या ऐंशी जणांना ती दिसणारच नाही. काचपेटीसमोर एका वेळी सहा-सात माणसे नीट उभी राहतात. पहिली रांग बुटक्या स्टुलांवर, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी उभी, अशी वीसजणांची तुकडी हीच मर्यादा. म्हणून नोंदणी चाळीसच जणांची घ्यावी. अर्धा तास सर्वांसाठी एकत्र प्रास्ताविक, मग वीस-वीस मिनिटांच्या दोन तुकड्या, शेवटी पंधरा मिनिटे प्रश्नोत्तरे. एक तुकडी पेटीपाशी असताना दुसरीच्या हातात त्याच वस्तूचे ए-थ्री कागदावर छापलेले मोठे छायाचित्र द्यावे. ते पाहून आलेला माणूस पेटीपाशी नेमके प्रश्न विचारतो.

वस्तू छोटी आणि दावा मोठा, हा अशा व्याख्यानांचा जुना रोग. पोसायडन सापडला म्हणून ‘रोमन लोक कोल्हापुरात वस्ती करून होते’ असे ठोकून दिले जाते. मूर्तीवरून एवढेच कळते की भूमध्य समुद्राकडचा माल सातवाहनकाळात इथवर पोहोचत होता. तो रोमन माणसाने आणला की कोकणच्या बंदरावरून घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याने, हे मूर्ती सांगत नाही. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीचे उत्खनन केले, त्याचा अहवाल छापील आहे. वक्त्याने वस्तू कुठल्या थरातली, तिच्यासोबत काय निघाले आणि तर्क कुठे सुरू होतो, हे तिन्ही वेगवेगळे सांगावे. संग्रहालयाचा नोंदवही क्रमांकही सांगावा, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढे स्वतः शोध घेता येतो.

आमच्या मते पहिल्या व्याख्यानासाठी पोसायडनपेक्षाही चांगला विषय म्हणजे सातवाहनकाळात कोल्हापूर परिसरात राज्य करणाऱ्या कुर राजांची शिशाची नाणी. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला कमानींच्या टेकडीसारखे चैत्यचिन्ह आणि झाड, कडेने ब्राह्मी अक्षरांत राजाचे नाव. वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर अशी तीन नावे मिळतात. यांचा क्रम कुठल्या पोथीतून कळलेला नाही. आधीच्या राजाच्या नाण्यावर नंतरच्याने आपला ठसा मारला आणि खालची अक्षरे अर्धवट शिल्लक राहिली, त्यावरून तो लावला गेला. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि बाजूने धरलेली विजेरी असली, तर शाळकरी मुलालाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हिप्पोकूरा नगराचा राजा म्हणून बलिओकूरोसचे नाव दिले. तो विळिवायकुर असावा असे अनेक अभ्यासक मानतात. हिप्पोकूरा म्हणजे कोल्हापूरच का, यावर एकमत नाही. तासभर रंगेल एवढा ऐवज यात आहे.

मात्र ही नाणी श्रोत्यांत फिरवू नयेत. शिसे मऊ असते, नखानेही ओरखडा उठतो, शिवाय ते विषारी. सागवानी पेटीची शोभा मोठी, पण लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि अक्षरे तिच्याबरोबर झडून जातात. हाताळायला रेझिनच्या प्रतिकृती कराव्यात. कांस्यालाही घामातले क्षार आणि दमट हवा मानवत नाही. हिरवी भुकटी दिसू लागली की समजावे. चित्रांचे वेगळे. जलरंग आणि कापड यांना ५० लक्सच्या वर प्रकाश नको, म्हणून आबालाल रहिमान यांच्यासारख्या चित्रकाराच्या जलरंगांवर बोलायचे असेल तर दिवे वाढवू नयेत, श्रोत्यांचे डोळे सरावायला पाच मिनिटे द्यावीत.

आता आवाज. टाउन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ या काळातली, छत उंच आणि भिंती दगडी. अशा वास्तूत आवाज घुमतो. ऐकू येत नाही म्हटले की ध्वनियंत्रणावाला आवाज वाढवतो, आणि मग घुमारा वाढून उरलेसुरले शब्दही जातात. मोठे भोंगे पुढे लावण्याऐवजी दोन लहान स्पीकर श्रोत्यांच्या कानाच्या उंचीवर, मध्यावर ठेवावेत आणि आवाज कमीच ठेवावा. माइक कॉलरला लावायचा असावा, कारण वस्तूकडे वळला की वक्त्याचे तोंड उभ्या माइकपासून दूर जाते. श्रोत्याचा प्रश्न सूत्रसंचालकाने माइकवर पुन्हा सांगावा, नाहीतर ध्वनिमुद्रणात नुसती उत्तरे उरतात.

दीपप्रज्वलन टाळावे. जुन्या वास्तूत, शंभर-सव्वाशे वर्षांच्या कॅनव्हासजवळ तेल आणि ज्योत नेण्यात कसले मांगल्य! शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचा परिचय आणि पाहुण्यांच्या हस्ते वक्त्याचा परिचय यांत चाळीस मिनिटे सहज जातात, आणि सकाळी साडेदहाचे व्याख्यान जेवणाच्या वेळेला टेकते. संध्याकाळची वेळ तर नकोच. बंद होण्याच्या वेळेनंतर दालन उघडे ठेवायचे म्हणजे जादा पहारेकरी आणि लेखी परवानगी आली.

‘मोफत’चा अर्थही आधी ठरवावा. व्याख्यान फुकट आणि दाराशी प्रवेशशुल्क, असे झाले की पहिली पंधरा मिनिटे तिकीट खिडकीवर वाद होतो. नोंदणीची यादी आणि सवलतीचा लेखी आदेश आदल्या दिवशी खिडकीवर पोहोचलेला असावा. श्रोत्याला फुकट म्हणजे वक्त्यालाही फुकट, असा समज दिसतो. प्रवासखर्च आणि थोडे का होईना मानधन द्यायलाच हवे. तयारी न केलेला वक्ता बहुधा इथूनच मिळतो.

परिसरातल्या गावोगावी पारापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड, उभे आहेत. एखादे व्याख्यान वीरगळ वाचण्यावर ठेवावे: खालून वर वाचायचे, तळाशी लढाई आणि मृत्यू, मधे अप्सरा वीराला नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. अक्षरे असतील तर ती दिसावीत म्हणून खडू, तेल किंवा कुंकू चोळू नये. तिरपा प्रकाश पाडला की पुरते.

अशा व्याख्यानांनंतर लोक घरचे मोडी कागद, नाणी घेऊन येतात. मूळ कागद ठेवून घेऊ नयेत. छायाचित्र घ्यावे, कुठल्या घरातले, कसे आले ते लिहून घ्यावे आणि परत द्यावेत. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी करू नका, सुती फडक्यात ठेवा, हे तिथेच बजावावे. शेतात नाण्यांचा हंडा मिळाला तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, हेही सांगावे. प्रत्येक व्याख्यानाचे दोन पानी टिपण आणि ध्वनिमुद्रण करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात ठेवावे.

एक विनंती आपल्यालाही. अशा व्याख्यानाची बातमी बहुधा दुसऱ्या दिवशी, व्यासपीठावरच्या नावांसह छापून येते. ती आठ दिवस आधी यावी, आणि तीत विषय, वस्तू, दालन, वेळ, शिल्लक जागा आणि नोंदणी कुठे करायची एवढे असावे. पाहुण्यांची नावे गाळली तर ओळी पुरतील.

आपले,
स्थानिक इतिहासाचे काही अभ्यासक, कोल्हापूर