चीजच्या सालीबद्दल चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे

महोदय,

मुंबई-पुण्यातल्या मोठ्या दुकानांत आता ब्री, कॅमेम्बर्ट, गौडा, पार्मिजानो असे चीज मिळू लागले आहे. चीजच्या चाकासारख्या मोठ्या गोल गड्ड्यातून तुकडा कापायचा, पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि वजन-किमतीची चिठ्ठी डकवायची, अशी पद्धत अनेक ठिकाणी दिसते. साल खाण्याजोगी आहे की नाही, ही मूळ वेष्टनावरची सूचना त्या तुकड्याबरोबर येत नाही. क्यूब आणि स्लाइसला साल नसतेच, त्यामुळे आपल्याकडच्या ग्राहकाला हा प्रश्न नवा आहे. मग कुणी कॅमेम्बर्टची पांढरी साल ‘बुरशी लागली’ म्हणून सोलून फेकतो, तर कुणी गौडावरचे पिवळे प्लास्टिक चावतो. दोन्ही चूक, दुसरे अधिक.

कॅमेम्बर्ट आणि ब्रीवरची मखमली साल ही मुद्दाम वाढवलेली बुरशी असते. पेनिसिलियम कॅमेम्बर्टी ही मुख्य, जोडीला बहुधा जिओट्रिकम कँडिडम. थंड, दमट खोलीत आठवडा-दीड आठवड्यात तिची लव सगळ्या बाजूंनी पसरते. ती पृष्ठभागावरचे लॅक्टिक आम्ल खाते, प्रथिने तोडते आणि चीज बाहेरून आत मऊ होत जाते. अर्धवट मुरलेला तुकडा कापला की सालीलगत पिवळसर, ओघळता थर आणि मधोमध भुरभुरीत पांढरा गाभा दिसतो, तो म्हणूनच. अळंबीसारखी चव मुख्यतः सालीत असते. ही साल खावी, निदान पहिला घास तरी सालीसकट घ्यावा.

प्रथिने तुटताना अमोनिया सुटतो आणि घट्ट प्लास्टिकमध्ये तो कोंडला जातो. वेष्टन काढून अर्धा तास उघडे ठेवले आणि वास गेला, तर चीज ठीक आहे. वास तरीही नाकात झोंबत असेल, साल तपकिरी व चिकट झाली असेल आणि जिभेला कडवट लागत असेल, तर ते जास्त मुरले आहे. पांढऱ्या सालीवर लांब, काळपट केस उगवले तर ती म्यूकर नावाची दुसरी बुरशी. काळे, गुलाबी किंवा हिरवे ठिपके दिसले तरी मऊ चीज पूर्ण टाकून द्यावे, कारण ओलसर गाभ्यात बुरशीचे तंतू खोलवर जातात. कठीण चीजवर परकी बुरशी आली तर डागाभोवती आणि डागाखाली अडीच सेंटिमीटर कापून उरलेले वापरता येते. सुरी मात्र डागातून फिरवू नये.

एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. आम्लता उतरल्यामुळे या मऊ चीजमध्ये, विशेषतः सालीलगत, लिस्टेरिया हा आजार पसरवणारा जिवाणू वाढू शकतो, आणि तो फ्रीजच्या थंडीतही वाढतो. गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी असे चीज पाश्चरीकृत दुधाचे असले तरी कच्चे खाऊ नये, कारण दूषितीकरण पाश्चरीकरणानंतरही होऊ शकते. साल काढल्याने धोका टळत नाही. आतपर्यंत वाफाळेल इतके गरम केले तरच चालेल.

तालेज्जो, मुन्स्टर, लिम्बर्गर या चीजची नारिंगी साल मिठाच्या पाण्याने वारंवार पुसून तयार होते. वास उग्र, पण साल खाण्याजोगी. खारट किंवा करकरीत लागली तर खरवडावी. ती करकर क्षारांच्या स्फटिकांची असते.

गौडा आणि एडामचे प्रकरण वेगळे. त्यांच्यावर मेण किंवा प्लास्टिकचा लेप असतो आणि तो खायचा नसतो. नखाने खरवडून पाहावे : मेणाचे तुकडे पडतात, प्लास्टिक पापुद्र्याने निघते. मेणाचा कण चुकून पोटात गेला तर घाबरण्याचे कारण नाही. पण लेपासोबत बुरशी रोखण्यासाठी पुष्कळदा नॅटामायसिन (ई २३५) वापरतात. युरोपीय नियमांनुसार ते प्रति चौरस डेसिमीटर १ मिलिग्रॅमहून अधिक नको आणि ५ मिलिमीटर खोलीवर सापडता कामा नये. म्हणून लेप काढल्यावर त्याखालचे अर्धा सेंटिमीटर चीजही कापून टाकावे. हा तुकडा सूपमध्ये किंवा ओव्हनमध्ये सालीसकट कधीही घालू नये. मेण वितळून सगळ्या पदार्थात पसरते.

याउलट अस्सल पार्मिजानो रेज्जानोची साल टाकणे ही निव्वळ नासाडी आहे. ती म्हणजे वाळून कडक झालेले चीजच. वर मेण नाही, लेप नाही. चाकाच्या कडेवर ठिपक्यांनी नाव उमटवलेले असते, त्यावरून ती ओळखावी. नुसत्या ‘पार्मेझान’ नावाने विकल्या जाणाऱ्या इतर चीजवर लेप असू शकतो. साल ब्रशने धुवून वरचा पातळ थर सुरीने खरवडावा. दीड लिटर सूपला किंवा शिजवलेल्या राजम्याला ४० ते ५० ग्रॅम साल पुरते. मंद आचेवर उघड्या भांड्यात ४० मिनिटे ते तासभर उकळावी. कुकरमध्ये टाकू नये, कारण ढवळता येत नाही आणि ती तळाला चिकटून करपते. मीठ शेवटी चाखूनच घालावे. मऊ झालेली साल बारीक चिरून त्यातच खाता येते. एक सेंटिमीटरचे कोरडे तुकडे मायक्रोवेव्हमध्ये अर्धा ते एक मिनिट ठेवले, तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ते फुलतात. साली साठवायच्या असतील तर फ्रीझरमध्ये महिनोन् महिने टिकतात.

शाकाहारी वाचकांसाठी मात्र सालीआधीचा प्रश्न रेनेटचा, म्हणजे चीजसाठी दूध गोठवणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) आहे. पार्मिजानो रेज्जानोमध्ये वासराच्या जठरातले रेनेटच वापरावे लागते, दुसरे चालत नाही. त्याच धाटणीच्या ग्राना पादानो चीजमध्ये बहुधा अंड्यापासून काढलेले लायसोझाइम हे जिवाणू रोखणारे विकरही असते. इंग्लंडमधल्या पारंपरिक, कापडात बांधलेल्या चेडरवर ते कापड डुकराच्या चरबीने चिकटवतात. काही उत्पादक लोणी वापरतात. कापड काढले तरी चरबी सालीत उतरलेली असते. ही माहिती ग्राहकाला विकत घेण्याआधी मिळणे हा त्याचा हक्क आहे.

म्हणून दुकानदारांना आणि अन्न प्रशासनाला विनंती : तुकडा कापून विकताना चिठ्ठीवर मराठीत चार गोष्टी लिहाव्यात. साल नैसर्गिक, मेणाची की प्लास्टिकची. ती खाण्याजोगी आहे की नाही. रेनेट प्राण्याचे की अन्य. दूध पाश्चरीकृत की कच्चे. यातले बहुतेक मूळ वेष्टनावर छापलेले असतेच. कापणाऱ्याने ते चिठ्ठीवर उतरवायचे तेवढे बाकी आहे.

– एक दुग्धतंत्रज्ञ, पुणे