कोळशाच्या वायूकरणात आधी राखेचा हिशेब मांडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कोळशाच्या वायूकरणाचा, म्हणजे गॅसिफिकेशनचा विषय निघाला की चर्चा थेट मिथेनॉल, युरिया आणि वाचणाऱ्या परकीय चलनाकडे वळते. २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाचे वायूकरण करायचे, असे केंद्राचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्यातले ४,०५० कोटी सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांसाठी, ३,८५० कोटी खासगी व सरकारी दोन्ही कंपन्यांसाठी आणि ६०० कोटी प्रात्यक्षिक व लहान प्रकल्पांसाठी आहेत. उद्दिष्ट योग्य आहे. कच्चे तेल, नैसर्गिक वायू आणि मिथेनॉल यांसाठी आयातीवर इतके अवलंबून असलेल्या देशाने आपला कोळसा केवळ बॉयलरमध्ये जाळत राहणे परवडणारे नाही. पण १० कोटी टन भारतीय कोळसा म्हणजे साडेतीन ते चार कोटी टन राख. ही राख गॅसिफायरमधून कोणत्या रूपात बाहेर काढायची, यावर तंत्रज्ञानाची निवड ठरते, खर्च ठरतो आणि कारखाना चालेल की बंद पडेल हेही ठरते. जाहीर चर्चेत नेमके तेच ऐकू येत नाही.

प्रक्रिया थोडक्यात अशी. बंद पात्रात दाबाखाली कोळशावर पूर्ण जळायला पुरणार नाही एवढाच ऑक्सिजन आणि त्यासोबत वाफ सोडतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण, म्हणजे सिनगॅस, मिळते. त्यातला धूळ-गंधक काढून हायड्रोजनचे प्रमाण जुळवून घ्यावे लागते: मिथेनॉलसाठी साधारण दोनास एक, कृत्रिम नैसर्गिक वायूसाठी तीनास एक, अमोनियासाठी तर जवळजवळ सगळ्या कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर करून नायट्रोजन मिसळायचा. मिथेनॉलच्या तांब्याच्या उत्प्रेरकाला गंधक दहा लाखांत ०.१ भागापेक्षा जास्त चालत नाही. आपल्या कोळशात गंधक मुळात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याने हा भाग आपल्याला सोपा जातो. सिनगॅस एकदा स्वच्छ झाला की पुढचे सगळे जगभर रुळलेले आहे. अडचण त्याच्या अलीकडे आहे.

गोंडवनातल्या, म्हणजे आपल्या बहुतेक खाणींतल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते आणि ती कोळशाच्या कणाकणात मुरलेली असते. त्यामुळे वॉशरीत धुऊनही ती हवी तेवढी उतरत नाही. जास्त धुवायला जावे तर चांगला कोळसाच टाकाऊ भागात, रिजेक्टमध्ये, निघून जातो. दुसरे असे की ही राख वितळायला १४००-१५०० अंश सेल्सिअसच्या पुढचे तापमान लागते. जगातले बहुतेक मोठे, आधुनिक गॅसिफायर राख वितळवून बाहेर काढणारे आहेत. त्यांत कोळशाची पिठासारखी भुकटी ऑक्सिजनच्या झोतासोबत सोडतात आणि वितळलेली राख भिंतीवरून ओघळून खाली पाण्यात पडते. चीनने याच जातीच्या गॅसिफायरवर मोठी मजल मारली, पण त्यांना मिळणारा कोळसा बहुतांशी कमी राखेचा आहे.

हिशेब करून पाहू. एक किलो राख १६०० अंशांपर्यंत तापवून वितळवायला सुमारे ४५० किलोकॅलरी लागतात. ४० टक्के राखेच्या किलोभर कोळशामागे १८० किलोकॅलरी झाल्या. कोळशाचे उष्मांक मूल्य ४००० किलोकॅलरी धरले, तर साडेचार टक्के ऊर्जा निव्वळ राख पातळ करण्यात गेली, आणि तेवढी उष्णता आणण्यासाठी ऑक्सिजनही जास्त लागला. राख नीट वाहावी म्हणून चुनखडी मिसळावी, तर तीही तापवावी लागते आणि स्लॅग, म्हणजे वितळलेली राख, आणखी वाढतो. स्लॅगची चिकटता २५ पास्कल-सेकंदांच्या वर गेली की तो निचऱ्याच्या तोंडाशीच गोठतो आणि गॅसिफायर थंड करून फोडून काढावा लागतो. खाणीचा थर बदलला, राखेत सिलिका आणि अॅल्युमिना थोडे जरी वाढले, तरी हे घडू शकते.

ओडिशातील तालचेरच्या नव्या युरिया प्रकल्पाकडे या नजरेने पाहावे. वर्षाला १२.७ लाख टन युरियाचा हा कारखाना राख वितळवणाऱ्या तंत्रज्ञानावर बेतलेला आहे, म्हणून तिथे कोळशात पेटकोक, म्हणजे तेल शुद्ध करताना उरणारा कोळशासारखा घन पदार्थ, मिसळण्याची योजना आहे. पेटकोकमध्ये राख नगण्य असल्याने मिश्रणाची राख आटोक्यात येते. तांत्रिकदृष्ट्या हा मार्ग बरोबर आहे. पण पेटकोक रिफायनरीतून येतो, त्यात गंधक भरपूर असते आणि त्याचा भाव तेलाच्या बाजारावर हलतो. म्हणजे ज्या आयातीपासून सुटका हवी होती, तिचा एक धागा कच्च्या मालात शिल्लक राहतोच. प्रकल्पाच्या अर्थकारणात हे उघडपणे मांडले पाहिजे.

राख कोरडीच बाहेर काढणाऱ्या पद्धती दोन. पहिली स्थिर थराची, लुर्गी पद्धत. अंगुल येथील जिंदालच्या पोलाद कारखान्यात ती भारतीय कोळशावर चालवून, सिनगॅसने स्पंज आयर्न, म्हणजे पोलादासाठीचे सच्छिद्र लोखंड, बनवण्यात आले. तसा तो जगातला पहिला कारखाना. इथे राख जास्त असली तरी फारसे बिघडत नाही, फिरत्या जाळीवरून ती खाली पडते. मात्र कोळसा ५ ते ५० मिलिमीटरच्या तुकड्यांतच लागतो, आणि यंत्राने खोदलेल्या खाणींतून चुरा बराच येतो. तो चुरा जाळायला शेजारी बॉयलर नसेल तर हिशेब कोलमडतो. शिवाय राख मऊ होऊन चिकटू नये म्हणून वाफ गरजेपेक्षा बरीच जास्त सोडावी लागते. ती नंतर डांबर, फिनॉल आणि अमोनिया घेऊन पाणी बनून बाहेर येते, टनभर कोळशामागे जवळपास टनभर. त्या पाण्यातले फिनॉल आणि अमोनिया वेगळे काढणे हा स्वतंत्र कारखानाच समजावा.

दुसरी पद्धत तरंगत्या थराची, फ्लुइडाइज्ड बेड; हिच्यात खालून येणाऱ्या वायूच्या जोराने कोळशाचे कण तरंगत ठेवतात. आपल्या कोळशाला सर्वांत जवळची हीच, आणि देशी संशोधनही इथेच झाले आहे. भेलने (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) तिरुचिरापल्लीला ६.२ मेगावॉटचा संच चालवला. हैदराबादला तिनेच रोज पाव टन मिथेनॉल बनवून दाखवले. पुण्यात थरमॅक्सने आयआयटी दिल्लीच्या साथीने रोज १.४ टन मिथेनॉलचा प्रायोगिक संच उभा केला. या यशाचे मोल मोठे आहे.

तरंगत्या थराचे दुखणे मात्र समजून घ्यायला हवे. थर साधारण १००० अंशांच्या आसपास ठेवतात. त्याखाली गेला तर कार्बन अर्धवट राहतो, वर गेला तर राखेचे क्लिंकर, म्हणजे चिकटून झालेले घट्ट गोळे, होते. त्यात एक मेख आहे: प्रयोगशाळेत राखेचा मऊ होण्याचा बिंदू हवेत मोजला तर तो जास्त येतो, पण गॅसिफायरच्या आतल्या ऑक्सिजनहीन वातावरणात राखेतले लोह कमी तापमानालाच तिला मऊ करते. ऑक्सिजन शिरतो त्या नळीच्या तोंडाशी थर नीट तरंगत नसेल, तर तेवढ्या जागी तापमान काही मिनिटांत उसळते, मूठभर गाठ बनते, ती वाढत जाऊन तळाची जाळी बुजवते. इकडे वरून बारीक कण न जळताच वायूसोबत उडून जातात. ते सायक्लोनमध्ये, म्हणजे वायू गरगर फिरवून कण वेगळे करणाऱ्या पात्रात, पकडून परत आणावे लागतात; त्या परतीच्या नळीत राख तुंबली की संच थांबला. आपल्या राखेतली क्वार्ट्झ नळ्यांची वळणे आणि दाबाखालच्या पात्रात कोळसा सोडणाऱ्या लॉक हॉपरचे व्हॉल्व्ह घासून काढते, ते वेगळेच. व्हॉल्व्ह नीट बसला नाही तर दाब धरत नाही, दाब धरला नाही तर कोळसा आत जात नाही.

ओडिशातच लखनपूर येथे कोल इंडिया आणि भेल यांच्या संयुक्त कंपनीचा, रोज २,००० टन अमोनियम नायट्रेटचा प्रकल्प याच देशी तंत्रज्ञानावर येत आहे. वर्षाला सुमारे १३ लाख टन कोळसा, म्हणजे ३३० दिवस चालला तर रोज जवळपास ३,९०० टन. तिरुचिरापल्लीचा संच दिवसाला दीडशे ते पावणेदोनशे टनांचा होता. दहा टक्के कार्बन राखेत गेला, तर लखनपूरला रोज दीडशे टनांहून अधिक कार्बन वाया जाईल. तो जाळून वाफ करणारा बॉयलर आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवा. अमोनियम नायट्रेट खाणींच्या स्फोटकांनाच लागते, त्यामुळे मालाला गिऱ्हाईक आहे. उडी मात्र मोठी आहे.

इतक्या सावधपणाचे कारण आपल्याच इतिहासात आहे. तालचेर आणि रामगुंडम येथे १९८० मध्ये कोळशावरचे दोन खत कारखाने सुरू झाले, प्रत्येकी रोज ९०० टन अमोनियाचे. ते कधीही क्षमतेने चालले नाहीत आणि १९९९ मध्ये बंद झाले. कोळशाला न जुळणारे तंत्रज्ञान आणि बेभरवशाची वीज ही त्यामागची प्रमुख कारणे. विजेने क्षणभर झटका दिला तरी ऑक्सिजन वेगळा करणारा संच ट्रिप होतो आणि पुन्हा पुरेशा शुद्धतेचा ऑक्सिजन मिळायला बरेच तास जातात. तोवर गॅसिफायर थंड होतो. त्याच्या आतल्या उष्णतारोधक विटा तासाला २५ ते ५० अंशांपेक्षा जास्त वेगाने तापवल्या तर तडकतात, त्यामुळे पुन्हा सुरू करण्यात दोन-तीन दिवस मोडतात. रामगुंडम पुढे पुन्हा उभे राहिले ते नैसर्गिक वायूवर. अमेरिकेत मिसिसिपीतील केंपर प्रकल्पाने तर सुमारे साडेसात अब्ज डॉलर गिळले आणि २०१७ मध्ये कोळशाचे वायूकरण सोडून दिले.

कार्बन डायऑक्साइडबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. भारतीय कोळशातल्या कार्बनपैकी निम्म्याहून कमी मिथेनॉलमध्ये उतरतो. वीज आणि वाफ धरता टनभर मिथेनॉलमागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणून याला सरसकट 'स्वच्छ कोळसा' म्हणू नये. वायू धुताना यातला बराचसा भाग घट्ट, जवळजवळ शुद्ध स्वरूपात हाती येतो, ही खरी संधी आहे. अमेरिकेतील नॉर्थ डाकोटाचा ग्रेट प्लेन्स कारखाना २००० पासून असा वायू ३३० किलोमीटर नळातून कॅनडातील तेलक्षेत्राला पाठवत आला. आपल्याकडे हा वायू कुठे जाणार, याचे उत्तर जागा ठरवतानाच द्यावे लागेल. युरिया प्रकल्पात तो निदान काही प्रमाणात खपतो.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. अनुदानासाठी आलेल्या प्रत्येक प्रकल्पाच्या नेमक्या खाणीतील कोळशाची चाचणी सादर व्हावी. तिच्यात सरासरी नमुन्याबरोबर सर्वांत वाईट थराचाही नमुना असावा, राखेचा मऊ होण्याचा बिंदू ऑक्सिजनहीन वातावरणात मोजलेला असावा. सरकारी पैशांतून चाललेल्या प्रायोगिक संचांचे सलग चालल्याचे तास, कार्बन रूपांतराची टक्केवारी, ऑक्सिजनचा खप आणि प्रत्येक बंदचे कारण प्रसिद्ध करावे. नाहीतर पुढचा अभियंता त्याच क्लिंकरशी नव्याने झुंजेल. प्रात्यक्षिकासाठीच्या ६०० कोटींतून रोज ५०० टनांच्या आसपासचा, ऑक्सिजनवर चालणारा एक देशी तरंगत्या थराचा गॅसिफायर आधी हजारो तास चालवून दाखवावा. अनुदानाचा मोठा वाटा बांधकामापेक्षा अशा सलग चालण्याशी जोडावा. आणि राखीव गॅसिफायरचा खर्च 'अनावश्यक' म्हणून छाटू नये.

विदर्भापुरते आणखी एक. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला वायूकरणाचे प्रकल्प प्रस्तावित आहेत. टनभर मिथेनॉलमागे पाण्याची गरज दहा टनांच्या घरात जाऊ शकते. हवेने थंड करणारी यंत्रणा बसवली तर ती बरीच उतरते, पण भांडवल वाढते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटल्याने चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. तेव्हा जनसुनावणीच्या कागदपत्रांत रोजची राख किती टन आणि कुठे, फिनॉलचे पाणी किती आणि शुद्ध करून कुठे सोडणार, मे महिन्यात पाणी कुठून घेणार, हे आकडे मराठीत छापून गावांना सुनावणीच्या महिनाभर आधी मिळावेत.

कळावे.

आपले,
खत व रसायन उद्योगातील काही निवृत्त अभियंते, नागपूर