काठमांडूच्या विमानात आपली खिडकी सोडणाऱ्या ताईंना

ताई,

सादर नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. संगमनेरकडच्या आहात, एवढंच कळलं आणि तेही घरी परतल्यावर. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. कुणाच्या तरी हातून तुमच्यापर्यंत पोचेल.

ओळख पटावी म्हणून सांगतो. दिवाळी नुकतीच झाली होती. काठमांडूहून सकाळी सुटणारं, एव्हरेस्ट दाखवून तासाभरात परत आणणारं विमान. धुक्यामुळे अडीच तास उशीर झालेला आणि सगळे प्रवासी चहाचे कागदी कप हातात धरून काचेबाहेर बघत बसलेले. तुमच्या दोन ओळी पुढे डावीकडच्या खिडकीशी चेक्सचा शर्ट, त्यावर बटणं न लावलेला स्वेटर आणि पांढरी टोपी घातलेले 76 वर्षांचे गृहस्थ होते. ते माझे वडील. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो.

मी सिन्नरला लग्नाचे फोटो काढतो. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू होतो, मग आषाढापर्यंत घरच्यांसोबत जेवायलाही सवड नसते. भाऊबीज ते तुळशीचं लग्न हे दहा दिवस तेवढे आमचे. त्या दहा दिवसांत नाशिकरोडहून गोरखपूर, तिथून सोनौलीची हद्द ओलांडून बसनं काठमांडू, असा प्रवास आम्ही पाच जणांनी केला. पशुपतिनाथाचं दर्शन झालं, बौद्धनाथाच्या स्तूपाला फेरी झाली, भक्तपूरला आईनं जुजू धौ नावाचं मातीच्या वाडग्यातलं दही दोनदा मागून खाल्लं. पण आण्णांचं सगळं लक्ष त्या विमानावर होतं. ते भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. अकोले, इगतपुरीचे बांध त्यांनी साखळी ओढून मोजलेत. तेहेतीस फुटांची साखळी, तेहेतीस बाय तेहेतीसचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. जगातला सगळ्यात उंच डोंगर कुणी मोजला, कसा मोजला, हे त्यांनी आम्हाला शंभरदा सांगितलंय. तो एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

डोळ्यांनी. तिथंच सगळं अडलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

आता माझी चूक सांगतो. आम्हाला मिळालेल्या जागांपैकी आण्णांच्या खिडकीबाहेर निम्मं इंजिन आणि पंखा होता. माझी खिडकी मोकळी होती. मला फोटो काढायचे होते म्हणून मी ती सोडली नाही. आण्णाही म्हणाले, 'तू बस तिथं, तुझं काम आहे.' मी बसलो. काळं जाकीट मुद्दाम घातलं होतं, काचेत स्वतःचं प्रतिबिंब पडू नये म्हणून. बायकोची काळी ओढणी लेन्सभोवती धरली. लेन्स काचेला टेकू दिली नाही, कारण टेकवली की विमानाची थरथर थेट फोटोत उतरते. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, हॉटेलवरच ठेवला होता, कारण विमानाच्या ॲक्रिलिक खिडकीतून त्यानं इंद्रधनुषी डाग पडतात. बर्फ राखाडी येऊ नये म्हणून एक्स्पोजर जरा चढं ठेवलं. सगळी तयारी चोख होती. तीन ओळी मागे माझे वडील रुमालानं काच पुसत होते, पुन्हा पुन्हा, आणि मी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

ते तुम्ही बघितलंत.

पुढचं मला कसं कळलं तेही सांगतो. बायकोनं तिच्या फोनवर व्हिडिओ चालू करून आण्णांच्या हातात दिला होता, खिडकीशी धरा म्हणून. आण्णांना पडद्यावर काय चाललंय ते समजेना. त्यांनी फोन तसाच शर्टाच्या खिशात ठेवला. घरी आल्यावर बायको जागा मोकळी करायला व्हिडिओ पुसायला बसली, तर 58 मिनिटांचा एक व्हिडिओ सापडला. चित्र काळंकुट्ट. पंख्यांची घरघर, शर्टाच्या कापडाची खसखस आणि अधूनमधून दोन आवाज, एक आण्णांचा आणि एक तुमचा.

'काका, काच खराब आहे का हो? इकडं माझ्या खिडकीशी या.'

तेवढं म्हणून तुम्ही त्यांना उठवून तुमच्या जागेवर बसवलंत आणि स्वतः शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसलात. त्या विमानात फक्त खिडकीच्याच जागा विकतात, प्रत्येकानं खिडकीसाठीच पैसे मोजलेले असतात. जाताना डोंगर डावीकडे आणि येताना उजवीकडे, म्हणजे तुमच्या वाट्याला आलेलं सगळं दर्शन जातानाच्या त्या अर्ध्या तासातलं होतं. ते तुम्ही आण्णांच्या खांद्यावरून घेतलंत.

मग अकरावं मिनिट. विमान नुकतंच वर येऊन सरळ झालेलं असावं. आण्णा म्हणतात, 'ताई, काच चांगली आहे हो. मलाच मधलं दिसत नाही. कडा तेवढ्या दिसतात. घरात बोललो नाही कुणाला.'

हे मी माझ्या स्टुडिओत, संगणकासमोर, कानाला हेडफोन लावून ऐकलं. चौदाशे फोटो त्याच पडद्यावर उघडे होते.

तुम्ही एक क्षणही दया दाखवली नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. तुम्ही म्हणालात, 'माझ्या सासूबाईंचं असंच होतं. मग आपण कडेनं बघू. जो डोंगर बघायचाय, त्याच्याकडं नका बघू. त्याच्या शेजारच्याकडं बघा, म्हणजे हा कडेला येईल.' आणि मग थोडा वेळ नुसती घरघर. त्यानंतर आण्णांचा आवाज, 'आला.' एवढाच शब्द.

तो लांगटांगकडचा भाग होता. तिथून पुढे तुम्ही एकेक शिखर त्यांच्या कानाशी वाकून सांगत गेलात. शिशापांग्मा तिबेटात आहे आणि आठ हजार मीटरच्या वरची चौदा शिखरं जगात आहेत, त्यातलं हे एक, हे सांगितलंत. पण नुसत्या आकड्यांवर तुम्ही थांबला नाहीत. गौरीशंकर आला तेव्हा तुम्ही म्हणालात, 'दोन माथे आहेत, काका. एक गौरी, एक शंकर. शंकर जरा उंच. मधे खिंड आहे, आपल्या अलंग आणि मदनच्या मधे आहे तशी.' आण्णांनी अलंग, मदन, कुलंग या किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांत मोजणी केलीय. ते लगेच म्हणाले, 'म्हणजे कातळ सरळ तुटलेला?' तुम्ही म्हणालात, 'सरळ. पण काळा कमी, पांढरा जास्त.' मी तोच गौरीशंकर 1/1250 सेकंदात टिपला आहे, बर्फावरची घडी न घडी दिसते. पण माझ्या फोटोवरून आण्णांना तो कधीच कळला नसता. अलंग-मदन म्हटल्यावर कळला.

(1933 साली एव्हरेस्टवरून पहिल्यांदा विमानं उडाली ती बिहारमधल्या पूर्णियाजवळून. त्या विमानांपैकी एकात बॉनेट नावाचा छायाचित्रकार होता. त्याची ऑक्सिजनची नळी तडकली, त्यानं रुमाल गुंडाळला आणि तो बेशुद्ध पडला. पुढे शुद्धीवर आला. आमच्या धंद्यातल्या माणसांना मी हा प्रसंग नेहमी सांगतो. तुमचं बोलणं ऐकल्यापासून त्यातला कॅमेरा कमी आठवतो, रुमाल जास्त.)

तेहेतिसावं मिनिट तर घरातल्या सगळ्यांना आता पाठ झालंय. तुमचा आवाज एकदम हलका होतो. 'काका, आला. पण मोठा म्हणून शोधू नका, फसाल. पुढं नुप्त्सेची लांब भिंत आहे. तिच्यामागून एक काळा त्रिकोण डोकावतोय, तो. वारा तिथं बर्फ टिकू देत नाही, म्हणून काळा. माथ्यावरून बर्फाचा धूर उडतोय, उजवीकडं. तुम्ही उजवीकडच्या ल्होत्सेकडं बघा.'

आण्णांनी ल्होत्सेकडं बघितलं आणि त्यांना एव्हरेस्ट दिसला.

मग ते बोलायला लागले ते थांबेचनात. एव्हरेस्टची उंची गणितानं काढणारे राधानाथ सिकदार. 1852. तेव्हा नाव नव्हतं, नुसतं पंधरा नंबरचं शिखर. शंभरावर मैलांवरून, मैदानातून थिओडोलाइटनं घेतलेले कोन आणि बसल्या जागी केलेलं गणित. 'शिखरावर जावं लागत नाही, ताई. एक रेषा नीट मोजलेली असली आणि दोन कोन खरे असले की झालं.' 1856 मध्ये 29,002 फूट जाहीर झालं. 2020 मध्ये नेपाळ आणि चीननं मिळून 8,848.86 मीटर सांगितलं, म्हणजे 29,032 फूट. तीस फुटांचा फरक. 'आमच्या साखळीएवढासुद्धा नाही,' आण्णा म्हणतात आणि तुम्ही दोघंही हसता. मग तुम्ही विचारता, आपल्या कळसूबाया किती बसतील? आण्णा तोंडी हिशेब करतात. 1,646 मीटरची एक, तर पाच एकावर एक ठेवल्या तरी सहाशे मीटर कमीच पडतात.

आण्णांना इतकं मोकळं बोलताना मी किती वर्षांनी ऐकलं, ते मला सांगता येणार नाही.

पुढे हवाई सुंदरी एकेकाला कॉकपिटमध्ये बोलवायला आली. मी दोन मिनिटं आत जाऊन समोरच्या मोठ्या काचेतून भराभर फोटो काढले. आण्णांची पाळी आली तेव्हा तुम्ही त्यांचा हात धरून नेलंत. मी ते बघितलं होतं, खरं तर. कुणीतरी भली बाई आण्णांना मदत करतेय, असं वाटून मी पुन्हा खिडकीकडं वळलो. परत येऊन उतरताना बस लागलेली, सामानाची घाई, आई आणि मुलगी पुढे गेलेल्या. मी तुम्हाला नुसता हात जोडून 'थँक यू हं' म्हणालो. ते फार अपुरं होतं.

त्या व्हिडिओनंतर चौथ्या दिवशी आण्णांना नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डोळ्यातल्या पडद्याच्या मधल्या भागाचा विकार आहे. एका डोळ्यात इंजेक्शनं सुरू केलीत. गेलेली नजर परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, उरलेली टिकवायची म्हणतात. कडेनं बघायची तुमची युक्ती आण्णांनी त्यांना करून दाखवली. डॉक्टर म्हणाले, हे शिकवायला आम्हाला बराच वेळ लागतो, तुम्हाला कुणी शिकवलं? आण्णा म्हणाले, 'विमानात भेटल्या होत्या.' आता ते पोथी वाचताना ओळीच्या जरा वर नजर ठेवतात. नातीचा चेहरा बघायचा असला की तिच्या कानाकडं बघतात. तिला सुरुवातीला ते विचित्र वाटायचं, आता ती आपणहून मान वळवून बसते.

माझे त्या सकाळचे फोटो चांगले आलेत. आमादब्लम शिखराचा तर स्टुडिओत मोठा करून लावलाय, गळ्यातल्या पेटीसारखी लटकलेली ती हिमनदी गिऱ्हाइकं थांबून बघतात. पण घरात आमच्या प्रवासाचा अल्बम म्हणजे तो काळा व्हिडिओ. संध्याकाळी दिवा लागला की आण्णा म्हणतात, 'लाव रे जरा.' आई शेजारी लसूण सोलत ऐकते. तुम्ही 'आला' म्हणालात की आण्णांची मान आपोआप उजवीकडं वळते, ल्होत्सेकडं.

ताई, तुमचे आभार मानायला मला याहून चांगली भाषा येत नाही. माझ्या वडिलांना तुम्ही एव्हरेस्ट दाखवलात आणि मला माझे वडील दाखवलेत. सिन्नरला कधी आलात तर घरी जेवायला या, हे आईचं सांगणं आहे. आणि तुमचा त्या सहलीतला एकही फोटो माझ्याकडं नाही याची मला फार खंत आहे. केवळ कोपर दिसतं एका फ्रेममध्ये, निळ्या स्वेटरचं.

एक काम मात्र आहे. सव्विसाव्या मिनिटाला, गौरीशंकर आणि चो ओयूच्या मधे कुठंतरी, तुम्ही एका शिखराचं नाव सांगता आणि नेमकी तेव्हा पंख्यांची घरघर वाढते. मी त्याच वेळी कॅमेऱ्याचं कार्ड बदलत होतो, त्यामुळं माझ्याकडं त्याचा फोटोही नाही. नकाशावरून मला ते नुंबूर वाटतं, मुलीला कार्योलुंग. आण्णा म्हणतात, दोन्ही नाही, त्या काहीतरी वेगळंच म्हणाल्या आणि ते शिखर मला सगळ्यांत स्वच्छ दिसलं होतं.

तेवढं नाव कळवा.

तुमचा,
सिन्नरचा फोटोग्राफर भाऊ