पक्या, त्या काळ्याबद्दल

नाशिक,
रविवार, रात्रीचे साडेबारा

प्रिय पक्या,

फोनच करणार होतो. दोनदा नंबर काढलाही. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहिलं तर अंगठा पाठवून मोकळा होशील. म्हणून पत्र. गणपतीत तुझा मेसेज आला होता, त्याला उत्तर दिलं नाही. त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या दे, पण भेटल्यावर. आईची शुगर आटोक्यात आहे, माझं बीपी गोळीवर, बाकी सगळे ठीक.

विषय ओंकारचा आहे. त्यानं मला न विचारता तुला मेसेज केला, डिसेंबरात येताना पूल खेळायची क्यू, म्हणजे काठी, आणायला सांगितली, आणि तू हो म्हणालास. मला हे परवा जेवताना कळलं. "पक्याकाका आणतोय," एवढंच म्हणाला आणि ताटातली भाजी चिवडत बसला. तुझ्यावर रागावलेलो नाही. तुझ्या जागी मीही हो म्हटलं असतं. पण त्यानं तुला पाठवलेली लिंक मी पाहिली. दीड हजार डॉलर! आपण दोघांनी मिळून क्यू घेतली तेव्हा साडेचारशे-साडेचारशे रुपये काढताना आपल्याला दोन महिने लागले होते आणि तू तुझ्या आत्याकडून उसने घेतले होतेस. ते परत केलेस का रे कधी?

झालं असं की गेल्या महिन्यात तो इथल्या एका स्पर्धेत हरला. उपांत्य फेरी, शेवटची फ्रेम, दोघांचाही फक्त शेवटचा काळा चेंडू उरलेला. घरी आला, क्यू दाराआड उभी केली आणि म्हणाला, "बाबा, काठीच खराब आहे."

पक्या, शब्द न् शब्द तोच. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

तो आत गेल्यावर मी काठी काढून पाहिली. बावीसशे रुपयांची आहे, दोन वर्षांपूर्वी मीच घेऊन दिली होती. डोळ्यासमोर धरून टोकापर्यंत नजर लावली, आपल्या पार्लरवरचा मामू लावायचा तशी. सरळ. दोन पावसाळे काढूनही सरळ, हे मला खरंच वाटेना, म्हणून दोन भाग वेगळे करून पुन्हा पाहिले. तरी सरळ. सांध्याचा स्क्रू घट्ट बसतो, हलवल्यावर आवाज नाही. मग टिपेवर, टोकाच्या चामड्यावर, नख फिरवलं. काचेसारखी झाली होती रे! वरून चपटी, कडेनं अळंबीसारखी फुगून बाहेर आलेली. त्या टिपेवर चॉक टिकणार कसा? मधोमध मारलं तर चालून जाईल, पण स्क्रू लावायला, म्हणजे पांढरा चेंडू मागे खेचायला, खाली मारलं की निसटणारच. पोराचा पांढरा मागे येत नव्हता तो यामुळे.

दुसऱ्या दिवशी मामूकडे गेलो. हो, आहे अजून. दात गेलेत, चष्मा जाड झालाय, पण हात तसाच. जुनी टिप ब्लेडनं काढली, टिपेखालचं फेरूल, ती टोकाची कडी, घासून सपाट केलं, नवी चामड्याची टिप लावली, बाजूनं थुंकी लावून दहाच्या नोटेनं घासली आणि वर गोलाई दिली. अजून रुपयाचं नाणं उभं धरून मापतो. सगळे मिळून दोनशे रुपये घेतले. संध्याकाळी ओंकारनं पहिलाच स्क्रू मारला आणि पांढरा हातभर मागे आला. तो माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, चला, मिटलं.

कसलं मिटतंय! चार दिवसांनी पुन्हा तेच. "टिप ठीक आहे बाबा, पण शाफ्ट, पुढचा भाग, साधा आहे. सगळ्यांकडे लो डिफ्लेक्शन आहेत." सगळ्यांकडे म्हणजे दोघांकडे.

आता तू म्हणशील, पोरगं चुकीचं काय बोलतंय? तीच तर माझी अडचण आहे, तो पूर्ण चुकीचा नाही. आपल्या वेळी हे कुणाला माहीत होतं? पांढऱ्याच्या उजव्या बाजूला मारून साइड लावला की तो जरा डावीकडे सरकतो, हे आपण मार खाऊन शिकलो आणि अंदाजानं निशाणा हलवत गेलो. तो किती सरकणार हे काठीच्या पुढच्या वीतभर भागाच्या वजनावर ठरतं. पुढचा भाग जितका हलका, तितका पांढरा कमी ढकलला जातो. हेच ते लो डिफ्लेक्शन. त्या प्रेडेटर कंपनीवाल्यांनी नव्वदच्या दशकात मेपलच्या फोडी गोलात चिकटवून, टोकाला आतून पोकळ असा शाफ्ट काढला तो याचसाठी. आता तर कार्बन फायबरचे आलेत, ते पावसाळ्यातही वाकत नाहीत. त्यामुळे फरक आहे, पोराला नाही म्हणून सांगता येत नाही.

म्हणून मी एक केलं. इथे एक डॉक्टर खेळायला येतात. त्यांनी अमेरिकेतल्या एका कारागिराकडून क्यू बनवून घेतली आहे, दीड वर्ष वाट पाहून. मागचा भाग आबनुसाचा, त्यात पांढरे टोकदार त्रिकोण जडवलेले, मुठीला लिननचा दोरा असा गुंडाळलाय की बोट फिरवलं तर जोड लागत नाही. हातात घेतल्यावर मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. भला माणूस, एका रात्रीपुरती खेळायला दिली, स्वतः खुर्ची टाकून शेजारी बसले एवढंच. वजन ओंकारच्या काठीइतकंच, १९ औंस. टीपही दोन्हींची १३ मिलिमीटर.

पक्या, मी आणि ओंकार रात्री एकपर्यंत तेच तेच शॉट लावत बसलो. सरळ पॉटला दोन्ही काठ्या सारख्या. म्हणजे अगदी सारख्या, मला तरी काहीच वेगळं सापडलं नाही. पांढरा जागेवर थांबवायला, पुढे न्यायला, मागे आणायला, मामूच्या नव्या टिपेनं सगळं जमत होतं. कुशनला धरून लांबचा पॉट, त्यात साइड, इथे डॉक्टरांची काठी वेगळी. पण मजा ऐक, सुरुवातीला मी तिनेच जास्त चुकलो! वर्षानुवर्षं निशाणा हलवायची सवय, आणि ही काठी म्हणते हलवू नकोस. अर्ध्या तासानं हात बसला, मग दोन्ही बरोबरीत आल्या.

आवाज मात्र वेगळा. हातात येणारा ठोका वेगळा, गोड. डॉक्टर म्हणाले, पैसे त्याचेच दिलेत. पण टिप चेंडूला टेकते ती साधारण एक हजारांश सेकंद. हाताला तो गोड ठोका कळतो तोवर चेंडू निघून गेलेला असतो. त्याला काय माहीत मागे आबनूस आहे की बाभूळ! बिघाडाचं सांगायचं तर वाकडा शाफ्ट, ढिला सांधा, मेलेली टिप, ही तीन दुखणी स्वस्त काठीत जास्त असतात. शाफ्ट वाकतो कारण लाकूड नीट मुरू दिलेलं नसतं. चांगला कारागीर शाफ्ट एकदम कातत नाही. थोडा कातून ठेवतो, लाकडाला हवं तेवढं वळू देतो, काही महिन्यांनी पुन्हा कातायला घेतो. त्या थांबण्याचे पैसे आहेत, आणि ते रास्त आहेत. पण दुकानातल्या दहा काठ्यांतली एखादी नशिबानं सरळ निघते, आणि आमची तशी निघाली आहे.

डॉक्टरांनीच बालाबुश्काचं सांगितलं. रशियात जन्मलेला, अमेरिकेत जाऊन क्यू बनवणारा, १९७५ साली गेला. त्याच्या काठ्या आज लोक तिजोरीत ठेवतात. आणि त्यातल्या सुरुवातीच्या बऱ्याच काठ्यांचा मागचा भाग कुठला, माहितीये? ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट काठ्यांचा. हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवायच्या ना, त्या काठ्यांचं लाकूड! मला त्या रात्री हे ऐकून इतका आनंद झाला की घरी येऊन हिला उठवून सांगितलं. तिनं कूस बदलली.

तुझा तो स्नूकरवाला हेंड्रीही आठवला. त्याच्यावरून तू विन्याशी पैज लावायचास. स्नूकरची सात जगज्जेतेपदं ज्या काठीनं मिळवली ती ४० पौंडांची, पोरवयात मिळालेली. २००३ साली विमानप्रवासात मोडली. एवढा मोठा झाल्यावर त्याला वाटेल ती काठी मिळाली असती, पण त्यानं ती सोडली नव्हती.

तर हे सगळं मला कळतंय. मग झोप का येत नाही? पैसे आहेत रे. दीड हजार डॉलर जड जातील, पण स्कूटर बदलायची पुढे ढकलली तर जमेल. मला भीती वेगळीच आहे. मी नाही म्हटलं आणि पुढच्या वेळी तो पुन्हा काळ्यावर हरला, तर दोष काठीचा राहणार नाही, माझा होईल. बाबांनी घेऊन दिली असती तर, असं तो आयुष्यभर म्हणेल. मी नानांबद्दल क्लासच्या फीवरून अजून म्हणतो, तुला माहीत आहे. आणि घेऊन दिली आणि तरी हरला, तर मग कुणाला बोलेल? स्वतःला. सोळा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर दीड हजार डॉलरची काठी ठेवून त्याला "आता हर बघू" म्हणायचं का?

त्या रात्री शेवटी त्याला मी काळा लावून दिला. स्पर्धेतलाच शॉट, कोपऱ्यात जाणारा, थोडासा कट. हातात डॉक्टरांची काठी. आठ-दहा जण कडेला उभे राहिले होते. मी त्याच्या समोरच्या बाजूला होतो, म्हणून दिसलं. मारायच्या क्षणी त्याची मान वर आली. चेंडू गेला की नाही बघायची घाई. काळा भोकाच्या तोंडाशी लागून परत आला.

मी तिथून बाहेर पायरीवर जाऊन बसलो, पक्या.

१९९९ ची दिवाळी. बंट्याविरुद्ध काळा राहिला होता. मी चुकलो, आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "काठीच खराब आहे." तू म्हणालास, "काठीला काय बोलतोस? तुझी मान उठली." मी तुला जे बोललो ते इथे लिहीत नाही. तू विसरला नसशील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू घरी आलास, काठीचे दोन भाग सोडवलेस, पुढचा तू घेतलास, मागचा माझ्या कॉटवर टाकलास आणि जिना उतरलास. पाच महिने आपण बोललो नाही. तुझे अण्णा गेले तेव्हा मी आलो, पण या गोष्टीचं नाव तूही काढलं नाहीस, मीही नाही.

तुला माहीत नाही ते आता सांगतो. त्याच दिवशी सकाळी, तू यायच्या आधी, मी पार्लर उघडताच गेलो होतो. टेबलावर कुणी नव्हतं. मामू फरशी पुसत होता. तोच काळा, तीच जागा, तीच आपली काठी. बारा वेळा लावला. अकरा वेळा गेला. मामूनं पाहिलं आणि काही न बोलता बादली घेऊन आत गेला. संध्याकाळी तू माझ्या दारात उभा होतास तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. २६ वर्षं नाही बोललो. तू बरोबर होतास, पक्या. काठी चांगली होती.

आता ओंकारला हे कोणत्या तोंडानं सांगू? मी सांगितलं तर त्याला वाटेल बाप पैसे वाचवतोय. म्हणून तू ती महागाची काठी आणू नकोस, आणि नाही म्हणायचं काम माझ्यावर सोड. तू फक्त एक दिवस पार्लरवर ये आणि त्याला खेळताना बघ. तू मान बघतोस. तुझा स्वतःचा ब्रेक शेजारच्या टेबलावर जायचा ती गोष्ट वेगळी, पण दुसऱ्याचं तुला दिसतं. त्याला तुझं ऐकावंसं वाटतं. खेळत राहिला, हात बसला, तर दोन वर्षांनी शाफ्ट तरी चांगला घेऊ, तेव्हा मीच तुला लिंक पाठवीन.

तुझं काय चाललंय? वहिनींची नवी नोकरी जमली का? ईशा हॉस्टेलला गेली म्हणे, घर रिकामं वाटत असेल. गुडघ्याचं टाळू नकोस. तिकिटाची तारीख कळव, मामूला सांगून कोपऱ्यातलं टेबल ठेवायला लावतो.

तुझा,
सुन्या

ता. क. टिपा आणल्यास तर मध्यम कडक आण, १३ मिलिमीटरच्या, चार पुरेत. आणि आपल्या काठीचा मागचा भाग माझ्याकडे माळ्यावर आहे, कालच काढून पुसला. पुढचा तुझ्याकडे अजून असेल तर घेऊन ये. वाकला असला तरी आण.