परक्या गावातली रिंग

पुणे,
रविवार, रात्री अकरा

प्रिय दत्ता,

दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी फार काही बोललो नाही. तू चिडला होतास, आणि चिडणं रास्तच होतं. पण शेवटी म्हणालास ना, की पोरीला आता बाहेरगावच्या बॉक्सिंगच्या स्पर्धेला पाठवणारच नाही, ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो.

रात्रभर एसटीचा प्रवास, पहाटे शाळेच्या वर्गात सतरंजीवर दोन तासांची झोप, सहाला वजन, आणि वजनाच्या धास्तीने आदल्या दुपारपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. समोरची पोरगी स्वतःच्या घरात झोपून, आईच्या हातचं खाऊन आलेली. तिन्ही राउंड आपली पोरगी पुढे होती, असं तू सांगतोस आणि तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे. पाच जजांचा निकाल 3-2, यजमानांच्या बाजूने. ती रडली नाही. परतीच्या बसमध्ये हाताचं बँडेज न सोडता त्याचं टोक नखाने उकरत बसली, हे ऐकलं आणि मला बारावीच्या वर्षीची आपली स्पर्धा आठवली. अख्ख्या हॉलमध्ये माझ्या नावाने ओरडणारा तू एकटा होतास. त्या निकालानंतर मीही असाच गप्प झालो होतो.

तुझे आप्पा जत्रेतल्या कुस्त्यांबद्दल काय सांगायचे, आठवतं? परगावच्या पैलवानाने कुस्ती चितपटच करायची. जरा लांबली की गावचे पंच बरोबरीत सोडवणार. बॉक्सिंगचा इतिहास वाचताना मला पदोपदी आप्पा आठवतात.

1810 च्या डिसेंबरातलं बघ. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून आलेला टॉम मोलिनो इंग्लंडमध्ये तिथल्या विजेत्या टॉम क्रिबशी लढला. ससेक्समधलं उघडं माळरान, थंडी, पाऊस, उघड्या मुठी. मोलिनो वरचढ ठरायला लागला तशी गर्दी दोर तोडून आत घुसली. पुढे क्रिब वेळेत उठू शकत नव्हता, तेव्हा त्याच्या माणसांनी मोलिनोच्या मुठीत शिशाच्या गोळ्या असल्याचा कांगावा केला आणि त्या गोंधळात क्रिबला दम घ्यायला वेळ मिळाला, असं सांगतात. मोलिनो हरला. दोनशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही, दत्ता, आणि तुझ्या फोनमधली कालची वाटते.

पण तुला सांगायचंय ते जॅक जॉन्सनबद्दल. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनचा हा कृष्णवर्णीय बॉक्सर. जगज्जेता होता टॉमी बर्न्स, कॅनडाचा. गोऱ्या विजेत्यांनी काळ्या माणसाला हेवीवेटच्या किताबासाठी संधीच द्यायची नाही, असा तेव्हाचा रिवाज. बर्न्स लंडन, डब्लिन, पॅरिस करत ऑस्ट्रेलियात पोहोचला, आणि जॉन्सन समुद्र ओलांडत त्याच्या मागावर. शेवटी सिडनीच्या ह्यू मॅकिंटॉशने बर्न्सची अट मान्य केली, 6,000 पौंड. जॉन्सनला त्यातुलनेत जेमतेम 1,000. बरं, पैसे लावणारा मॅकिंटॉश, आणि रेफ्रीही तोच! 26 डिसेंबर 1908, रशकटर्स बेचं उघडं स्टेडियम, वीसेक हजार माणसं. देश दोघांनाही परका, तरी गर्दी सगळी बर्न्सची. घर म्हणजे निव्वळ पत्ता नसतो, हे मला तिथे कळलं. गर्दी ज्याला आपला मानते, त्याचं ते घर. चौदाव्या राउंडमध्ये पोलिसांनी लढत थांबवली, कॅमेरेही बंद करायला लावले, म्हणजे गोरा विजेता पडताना पडद्यावर दिसू नये. पण तोवर कुणाला काही फिरवता येण्यासारखं उरलंच नव्हतं. आप्पांची चितपट ती हीच.

मार्व्हिन हॅग्लरचंही तेच. मॅसॅच्युसेट्सच्या ब्रॉकटनचा हा पोरगा 1976 मध्ये फिलाडेल्फियाला जाऊन तिथल्याच बॉबी वॉट्स आणि विली मन्रोशी लढला आणि गुणांवर दोनदा हरला. वॉट्सच्या निकालावर तर तेव्हाच आरडाओरडा झाला. हॅग्लरने फिलाडेल्फियाला जाणं सोडलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच शहरात त्याने मन्रोला दुसऱ्या राउंडमध्ये संपवलं. 1979 मध्ये लास व्हेगासला त्याची किताबाची लढत जजांनी बरोबरीत सोडवली. 1980 च्या सप्टेंबरात लंडनच्या वेम्बलीत, इंग्लंडचा जगज्जेता ॲलन मिंटरच्या घरात, त्याने गोष्ट जजांपर्यंत जाऊच दिली नाही. तिसऱ्या राउंडमध्ये मिंटरच्या चेहऱ्यावरच्या जखमा बघून लढत थांबवली, आणि रिंगमध्ये बिअरच्या बाटल्या येऊन पडू लागल्या. हॅग्लर गुडघ्यावर बसलेला होता, त्याच्या कॉर्नरची माणसं अंगाने त्याला झाकून उभी. जगज्जेता झाल्याचा पहिला क्षण असा गेला. हे आठवलं की माझ्या घशात आवंढा येतो.

तू विचारलंस, जज असं का करतात, पैसे खातात का? कधी खातही असतील. पण 1988 चं सोल ऑलिम्पिक बघ. कोरियाचा ब्यून जाँग-इल एका बल्गेरियन बॉक्सरकडून हरला, तर कोरियाच्या कॉर्नरची माणसं न्यूझीलंडच्या रेफ्रीवर धावून गेली, आणि ब्यून 67 मिनिटं रिंगमध्ये ठाण मांडून बसला. शेवटी हॉलचे दिवे घालवले. रेफ्री देश सोडून गेला. आता सांग, हे पाहिलेला जज पुढे यजमानाच्या विरुद्ध निकाल देताना चाचरणार नाही का? दहाच दिवसांनी अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने कोरियाच्या पार्क सी-हूनला 86 ठोसे मारले, पार्कचे लागले 32, आणि सुवर्ण पार्कला, 3-2. पार्कलाच ते पटलं नव्हतं. स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून करंडक मात्र जोन्सलाच मिळाला. त्या एका निकालाने 1992 पासून ऑलिम्पिकमध्ये संगणकावर गुण आले. पाचपैकी तीन जजांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच ठोसा मोजायचा. माझ्या मते त्यानेही फार भलं झालं नाही. पोटातले आणि जवळून मारलेले ठोसे मोजलेच जाईनात. 2012 नंतर तीही पद्धत गेली.

आणि 2014 ला कोरियातल्या इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत आपली बॉक्सर सरिता देवी. समोर पुन्हा कोरियन, पुन्हा निकाल यजमानांच्याच बाजूने. निषेध फेटाळला. पदक घेताना ती पोडियमवर ढसाढसा रडली आणि कांस्य तिने स्वतः न घालता त्या कोरियन मुलीच्या गळ्यात घातलं. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने सरितावरच वर्षाची बंदी घातली. मला तेव्हा इतका संताप आला होता की दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आता एक गोष्ट तुझ्या पोरीला नक्की सांग. 2023 मध्ये सोलचा तो पार्क सी-हून कोरियाहून फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला गेला, रॉय जोन्सच्या गावी. ते सुवर्णपदक सोबत नेलं आणि जोन्सच्या हातात दिलं. पस्तीस वर्षांनी. जोन्सला रडू आवरेना. मी तो व्हिडिओ चारदा पाहिला. ज्याला घरच्यांनी जिंकवलं, तो परतफेड करायला समोरच्याच्या घरी गेला, दत्ता. इतकी वर्षं ते पदक घरात बघताना त्याच्या जिवाचं काय होत असेल?

पुढच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये निवड चाचणी आहे, असं म्हणालास. मी रजा टाकलीय. तिला घेऊन आपण दोघं एक दिवस आधीच निघू, रात्रीची बस नको. स्टँडजवळ एखादी खोली बघून ठेव, शाळेत उतरायचं नाही. वहिनींना म्हणावं वजन झाल्याबरोबर खायला मऊ भात आणि केळी डब्यात द्या, तिथलं काही नको. पाणी आपलंच. आणि ते बँडेज तिने अजून सोडलं नसेल, तर आज सोडून, धुवून वाळत घालायला सांग.

तुझा,
विनायक